एका घराला एक पान

बालाघाटच्या पट्ट्यात, सोलापूर, धाराशिव आणि लातूर या तीन जिल्ह्यांच्या शिवा जिथून फार लांब नाहीत, तिथलं आमचं तालुक्याचं गाव. नगरपरिषद, तहसील, ग्रामीण रुग्णालय, आयटीआय, बुधवारचा बाजार. जिल्ह्याचं ठिकाण एसटीने दोन तासांवर. मी इथल्या हायस्कुलात एकतीस वर्षं शिकवलं आणि २०१९ पासून ज्येष्ठ नागरिक संघाचं कार्यवाहपद सांभाळतो. पुढे लिहिलंय ते एका घराचं प्रकरण आहे. नावं आणि गल्ली काढून टाकली आहे. लिहून झाल्यावर घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवलं, त्यांनी हो म्हटल्यावरच ते बाहेर काढतोय.

घरात सासू, सून, सुनेचा मुलगा आणि मुलगी. सासूला मी मावशी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. सून छत्तीस वर्षांची, नववी शिकलेली. थोरला पंधराचा, धाकटी नऊची. ही वयं एप्रिल २०२१ ची, कारण हे प्रकरण तिथून सुरू होतं. घरातला कर्ता माणूस छोटा हत्ती चालवायचा, बाजार समितीतून भाजीपाला, लग्नसराईत मंडपाचं सामान. दुसऱ्या लाटेत तो गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. दवाखान्याच्या बिलासाठी नातेवाइकांकडून उसने घेतले होते. टेम्पोचे हप्ते थकले आणि पावसाळ्याच्या तोंडावर फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली.

अशी घरं तेव्हा गल्लोगल्ली होती. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्यासाठी मिशन वात्सल्य आणलं. तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि वॉर्डात घरोघर जाणारं पथक. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कामातून हेरंब कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ठिकठिकाणच्या अशा बायकांचा प्रश्न सरकारपुढे सतत मांडत होते, त्याचाही यात वाटा आहे. कल्पना मला आजही मोलाची वाटते, कारण पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं की बाईने कचेरीत यायचं नाही, कचेरीने तिच्या दारात जायचं. आमच्या वॉर्डातल्या आशाताईंनी या घराचं नाव यादीत घातलं आणि तिथून कागद हलायला लागले.

दारासमोरचा फोटो

पहिलं काम बालसंगोपनाचं. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना कुटुंबातच वाढता यावं म्हणून ही योजना आहे. तेव्हा मुलामागे महिन्याला अकराशे रुपये होते, २०२३ मध्ये ते सव्वादोन हजार झाले. वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे, आदेश बालकल्याण समितीचा. कागदांत मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक. शिवाय एक फोटो लागतो, मुलं आणि पालक घरासमोर उभे असलेला.

तो फोटो काढायला मीच गेलो होतो. सून अंगावरची घडी नीट करून दारात उभी राहिली, दोन्ही बाजूंना पोरं. मावशी आतून डोक्यावर पदर घेत आल्या आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "मावशी, जरा बाजूला व्हा, यात फक्त मुलं आणि आई पाहिजेत." त्या काही बोलल्या नाहीत. ओसरीच्या खांबापर्यंत मागे सरकल्या आणि फोटो होईस्तोवर तिथेच थांबल्या. त्या पोरांना दोन वेळचं करून घालणारी, सून कामाला गेली की धाकटीची वेणी घालणारी बाई मी स्वतःच्या हाताने चौकटीबाहेर काढली होती. नियम बरोबर होता, मी केलं तेही बरोबर होतं, तरी घरी येईपर्यंत मला चैन पडलं नाही.

पुढे चार वर्षांत या घराचं जे जे अडलं, त्यातलं बहुतेक या फोटोसारखंच होतं. मुलांचं खातं वेगळं, विधवेचं वेगळं, म्हाताऱ्या माणसाचं वेगळं. घर मात्र एकाच चुलीवर जेवतं.

पन्नास हजार

कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसाला पन्नास हजार रुपये सानुग्रह अनुदान द्यायचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर झाला. अर्ज ऑनलाइन. इथे अडलं ते मृत्यूच्या कारणापाशी. दवाखान्याच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. कोविडचा अहवाल ग्रामीण रुग्णालयातला, त्यावर आडनावाचं स्पेलिंग दुसरंच. तपासणीत कोविड निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचाच धरायचा, असं ठरलेलं होतं. सुनेला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. पहिला अर्ज नामंजूर झाला. जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे दोन्ही कागद जोडून पुन्हा अर्ज केला, एकदा समक्ष जाऊन आलो, आणि मार्च २०२२ मध्ये पैसे सुनेच्या खात्यावर जमा झाले.

आणि घर फुटायला आलं.

"पोरगा माझा गेला सर, आन् पैसे तिच्या नावावर," असं मावशी मला देवळासमोर अडवून म्हणाल्या. तिकडे सून रडून रडून सांगत होती की उसने पैसे मागायला लोक तिच्याच दारात येतात, सासूच्या नाही. दोघींचंही खरं होतं. सुनेला हक्क होता हे कायद्याने स्पष्टच. पण एका म्हाताऱ्या बाईला आपल्या मुलाच्या मरणाचा हिशेब आपल्याला वगळून झालाय असं वाटत असेल, तर तिला कलम दाखवून काय उपयोग? संघातल्या काहींचं म्हणणं, दोघींना बसवून चार शब्द सुनवावेत. मला ते पटलं नाही. एका रविवारी मी, आमचे निवृत्त मंडल अधिकारी आणि एक निवृत्त अंगणवाडी सेविका, आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. शंभर पानी वही उघडली आणि दोघींसमोर लिहून काढलं की घराचं देणं किती आणि कुणाचं. मावशींना आकडा माहीतच नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. मग त्याच म्हणाल्या, "आधी माझ्या भावाचे तीस हजार द्या. त्याच्या पोरीचं लगीन हाय." उरलेल्यातून शेगडी, दोन लोखंडी तवे आणि पहिलं ज्वारीचं पोतं घ्यायचं ठरलं. आठ हजार मावशींच्या नावाने पोस्टात. ते पासबुक त्या आजही ट्रंकेत नवऱ्याच्या फोटोखाली ठेवतात.

त्या दिवशी वहीचं जे पान लिहिलं गेलं, ते या घराचं पहिलं पान. तोवर आमच्याकडे तीन रजिस्टरं होती. ज्येष्ठांचं एक, महिलांच्या अर्जांचं एक, आणि शाळा सोडलेल्या मुलांची यादी वाचनालयाच्या अभ्यासिकेत ठेवलेली. या एकाच घरातली चार माणसं तीन रजिस्टरांत विखुरलेली होती आणि आम्हालाच ते कळलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही घरागणिक पान करतो. वर रेशनकार्डावरची सगळी नावं, प्रत्येकाची जन्मतारीख, खाली तारीखवार नोंदी: कोणता कागद कुठे दिला, पोच कुठे ठेवली, पुन्हा कधी जायचं.

इथे संघाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आमच्या संघात तेव्हा पंचाऐंशी सभासद होते आणि जवळजवळ सगळे पेन्शनर. शिक्षक, एसटीतले, बँकेतले, महसूलमधले. सकाळी फिरणं, गुरुवारी भजन, महिन्यातून एकदा बीपी-शुगर तपासणी. चांगलंच होतं ते. पण रोजगाराने कंबर मोडलेली मावशींसारखी बाई त्या खोलीची पायरी चढत नव्हती, आणि आम्हालाही तिची उणीव भासत नव्हती. म्हणून बुधवारी, बाजाराच्या दिवशी, नगरपरिषदेच्या वाचनालयाबाहेर टेबल मांडायला सुरुवात केली. पिशवी घेऊन बाजाराला निघालेलं माणूस जाता जाता थांबतं. टेबलावर मंडल अधिकारी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, अंगणवाडीच्या बाई आणि संगणक वर्गातला एक पोरगा. लोक त्याला अर्जाचं टेबल म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळातलं वय

मावशींचा स्वतःचा प्रश्न सगळ्यात साधा वाटला आणि सगळ्यात जास्त रेंगाळला. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेला पासष्ट वर्षं पूर्ण लागतात. मावशींच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६४. खेड्यापाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, कारण कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने वर्ष टाकलेलं असतं. त्या हिशेबाने त्यांना पेन्शन २०२९ मध्ये.

मी विचारलं, मावशी, तुमचं खरं वय किती? त्या म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आईसंगं खडी फोडायला जायची की मी. सुकडी खाल्लेली आठवतीय. नहाण आलेलं त्याच साली." म्हणजे तेव्हा तेरा-चौदाच्या. १९५८ चा जन्म. शाळा नाही, दाखला नाही. भाऊसाहेबांनी जुन्या मतदार याद्या शोधल्या, १९९५ च्या यादीत त्यांचं वय ३७ निघालं. तो उतारा घेऊन ग्रामीण रुग्णालयात वयाचा दाखला मिळवला. मग आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायची. ती एकदाच बदलून मिळते, त्यामुळे चूक करून चालणार नव्हती. केंद्रावर बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर खुरपं आणि खडी, बोटांवर रेघा राहिल्याच कुठे? डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बुबुळाचंही धड येईना. रेशन दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही म्हणून धाकटीला शाळा बुडवून न्यायचे, हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

तेव्हा क्रम उलटा केला. आधी डोळे. मोफत शिबिरातून जिल्ह्याच्या ठिकाणी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, उजव्या डोळ्याची जानेवारी २०२३ मध्ये. मग आधार. मग रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला. मग तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज. पहिली रक्कम हातात पडली त्या वर्षाच्या दिवाळीत. पेन्शन जुलै २०२३ पासून महिन्याला दीड हजार झाली होती. शस्त्रक्रियेनंतर मावशींनी काय केलं, तर दुसऱ्या महिन्यात ज्वारी निवडायला बसल्या. सुनेच्या भाकरीच्या धंद्यात एक हात वाढला. योजनेच्या कुठल्याही रकान्यात ही नोंद होत नाही.

दीर पुण्याजवळ कंपनीत कामाला. २०२२ च्या जूनमध्ये तो बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आला होता. घर मावशींच्या नावावर आहे. "आई, कागद माझ्या नावावर कर, मी तुला सांभाळतो." अंगठा द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. सून घाबरून बुधवारी टेबलावर आली. आम्ही तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळणाऱ्या वकील ताईंना गाठलं. त्यांनी मावशींना एकटीला बसवून समजावलं: आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन दस्त रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तात स्वच्छ लिहिलेली असावी, आणि दीराच्या मसुद्यात ती नव्हती. मावशींनी ऐकून घेतलं, दोन दिवस घेतले आणि मुलाला म्हणाल्या, "मी जिवंत हाय तोवर घर माझं. मेल्यावर दोघांच्या पोरांचं." दीर रागावून गेला. वर्षभर फोन नव्हता, आता येतो. आम्ही दीराला खलनायक केलं नाही, हे बरं झालं. त्याचंही भाड्याचं घर आणि दोन लेकरं आहेत.

एकवीस हजारांची रेघ

सुनेचं मला सर्वांत जास्त लागून राहिलंय. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजना लागू झाली, २०२१ च्या अखेरीला. ही योजना १९८० पासूनची. निराधार, विधवा, अपंग, दुर्धर आजारी माणसांसाठी महिन्याला बांधलेली रक्कम. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. महिन्याला साडेसतराशे. चार माणसांच्या घराला. अर्ज केला तेव्हा खरोखरच घरात काही येत नव्हतं, त्यामुळे दाखला खराच होता.

मग ती भाकरीला लागली. आमच्याकडची कडक भाकरी सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, काठवटीत हाताने पातळ थापायची, तव्यावर दोन्ही अंगांनी शेकायची आणि मग मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत कडक होईतो ठेवायची. फुगू द्यायची नाही. पहाटे चारला पीठ मळलं की नऊपर्यंत ऐंशी-नव्वद भाकऱ्या होतात. दहा-दहाच्या चळती करून ती त्या सुपात उभ्या लावते, गार झाल्याशिवाय पिशवीत भरत नाही, कारण वाफ धरली की मऊ पडतात. एक खानावळ, दोन किराणा दुकानं आणि लग्नाच्या ऑर्डरी. पीठ, गॅस, पिशव्या वजा जाता दिवसाला दोनशे-सव्वादोनशे सुटतात. बचत गटातून तीस हजार उचलून तिने दुसरी शेगडी घेतली, तेही फेडलं.

आता हिशेब करा. महिन्यातले पंचवीस दिवस धरले तरी वर्षाचे साठ हजारांच्या पुढे जातात. म्हणजे ती रेघेच्या कितीतरी वर. जिल्ह्यातल्या एका दुकानदाराने पाकिटावर नाव छापून माल मागितला. त्यासाठी अन्न परवान्याची साधी नोंदणी लागते, छोट्या उद्योगाला तिची फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. संगणकावरचा पोरगा अर्धा तासात करून देणार होता. सून तयार होईना. तिचा एकच प्रश्न, "कागदावर धंदा दाखवला की निराधारचे बंद होतील ना सर?" मी काय सांगणार? एकीकडे आपण म्हणतो बाईने पायावर उभं राहावं, आणि उभी राहिली की पायाखालची फळी काढून घेतो. मिळकत आज आहे, पावसाळ्यात निम्मी होते, हात भाजला तर शून्य. निराधारचे दीड हजार मात्र ठरलेले.

त्यात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तीही दीड हजारांची, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एका योजनेतून दीड हजार घेणाऱ्या बाईला दुसरीतून मिळत नाहीत, ते योग्यच. पण निराधार सोडून इकडे आली असती तर तेवढेच पैसे मिळाले असते आणि धंदा उघड करता आला असता. हा विचार आम्हाला सुचेपर्यंत ऑक्टोबरमध्ये अर्जांची मुदत संपलेली. चूक आमची. आम्ही प्रत्येक योजनेत ती बसते का एवढंच पाहत होतो, तिला कुठे जायचंय हे पाहत नव्हतो. रेशनच्या प्राधान्य यादीला शहरी भागात एकोणसाठ हजारांची मर्यादा, निराधारला एकवीस, लाडकी बहीणला अडीच लाख. एकच बाई तीन मोजपट्ट्यांनी तीन वेगवेगळ्या उंचीची भरते. एकवीस हजारांचा आकडा बदलायला हवा, हे मी तहसीलच्या प्रत्येक बैठकीत म्हणतो आणि म्हणत राहणार.

आणि ज्या सवलतीला अर्जच नाही, ती या घराला सगळ्यात निमूटपणे उपयोगी पडली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. दाखला नाही, सेतू नाही, गाडीत चढायचं. जिल्ह्याच्या खेपा त्यानंतर निम्म्या खर्चात झाल्या आणि सुनेने तिकडच्या बाजारात पहिल्यांदा स्वतः भाकऱ्या नेल्या.

थोरला

थोरला २०२१ च्या दहावीचा. त्या वर्षी परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. तो पास झाला जुलैत, बापाला जाऊन तीन महिने झाले होते. अकरावीचा फॉर्म भरला नाही. मंडपवाल्याकडे लागला, जनरेटर ओढायचा, डीजेच्या वायरी जोडायच्या. रात्री दोनला घरी. गुटख्याची पुडी खिशात. आम्ही त्याला अभ्यासिकेत बोलावून समजावलं, मीही बोललो, शिकवण्याच्या सवयीने अर्धा तास. तो खाली मान घालून बसला आणि पुढचे चार महिने मला पाहिलं की गल्ली बदलायला लागला. पंधरा वर्षांच्या पोराला बापाच्या जागी कमवायचं होतं आणि आम्ही त्याला शहाणपण सांगत होतो.

ते काम शेवटी आमच्या संघातल्या एका निवृत्त वायरमननी केलं, न बोलता. वाचनालयाची वायरिंग जुनी झाली होती. त्यांनी मंडपवाल्याला सांगितलं, तुझा पोरगा दोन दिवस दे, हाजरी मी देतो. शिडीवर पोरगा, खाली हे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याच्याच हाताने बोर्ड उघडवला आणि विचारलं, "न्यूट्रल कुठली आणि अर्थिंग कुठली, सांग." पोराला सवयीने जोडता येत होतं, पण का ते माहीत नव्हतं. त्यांनी दाखवलं. मग म्हणाले, याचं सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांत, इथंच आयटीआयला. एवढंच. त्यानंतर तो बुधवारी टेबलाच्या आसपास दिसायला लागला. लग्नसराई संपली की यायचा, प्लग दुरुस्त करून द्यायचा.

जुलै २०२३ मध्ये वीजतंत्री ट्रेडला प्रवेश मिळाला. सायकलवर दहा मिनिटं. मंडपवाल्याने मोठेपणा दाखवला, फक्त सुट्टीच्या रात्री कामाला बोलावलं. आणि नोव्हेंबरमध्ये पोरगा अठरा वर्षांचा झाला. बालसंगोपनाचे त्याच्या वाटचे सव्वादोन हजार बंद. आयटीआय लागून चार महिने झालेले, पाठ्यपुस्तकं, हत्यारं, बूट यांचा खर्च समोर. सरकारच्या लेखी तो आता मूल नव्हता. तो कमावता नव्हता तो नव्हताच. त्याने पुन्हा पूर्णवेळ मंडपाला जायचं ठरवलं होतं, सुनेने रात्री फोन केला म्हणून कळलं.

हा महिना मी विसरणार नाही. घराचं पान होतं म्हणून निभावलं. त्याच पानावर मावशींची पेन्शन त्याच दिवाळीत सुरू झाल्याची नोंद होती. मावशी म्हणाल्या, "माझं त्याला द्या. मला काय लागतंय?" सून नको म्हणाली, इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात स्वतःचा पैसा आलाय. शेवटी ठरलं ते असं: मावशींचे पाचशे, सुनेचे पाचशे, संघाच्या तीन सभासदांनी मिळून हजार, दर महिन्याला आयटीआय संपेपर्यंत, आणि पोराने वाचनालयाचे दिवे, पंखे, मोटर सांभाळायची. दान म्हणून नाही, काम म्हणून. तो ते नीट सांभाळतो.

धाकटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ते बरंच आहे. शाळा, वाचनालयाचं कार्ड, खो-खो. तिच्या बालसंगोपनाचे पैसे दरमहा येत नाहीत, एकदम साचून येतात, त्यामुळे सून त्यांना घरखर्चात धरतच नाही.

टेबलाचा जीव

या घराच्या पानावर चार वर्षांत एकसष्ट नोंदी झाल्या. तहसीलच्या खेपा तेवीस, जिल्ह्याच्या सात. आमचा खर्च झेरॉक्स, तिकिटं आणि चहा. महाग होता तो वेळ, आणि ओळखीपाळखीचा पाठपुरावा. तो सगळा भाऊसाहेबांच्या अंगावर होता. २०२४ च्या डिसेंबरात त्यांचं बायपास झालं. टेबल दोन महिने बंद. नेमकं त्याच सुमाराला पेन्शनचे पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात यायला लागले होते. मावशींचं आधार जोडलेलं होतं ते बँकेच्या जुन्या, वापरात नसलेल्या खात्याला. तीन महिने त्यांना वाटत राहिलं की पेन्शन बंद झाली. त्यांनी कुणाला सांगितलंही नाही, भाऊसाहेब आजारी आहेत, कशाला त्रास द्यायचा म्हणून. पैसे त्या दुसऱ्या खात्यात पडून होते.

तेव्हापासून वही तिघांना वाचता येईल अशी लिहायला लागलो. भाऊसाहेबांच्या डोक्यात असलेलं निम्मं कागदावर आलंय, निम्मं यायचंय. नगरपरिषदेकडे आम्ही मागणी केली आहे की महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या पाच टक्क्यांतून टेबलावर एक पगारी मुलगी द्या. तिला योजना पाठ नसल्या तरी चालेल, तिने घरी जाऊन पान लिहावं. वाचनालयाच्या भिंतीवर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर रंगवून घेतलेत, लोक ते फोन करतातही. पण फोनवरच्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाचं सांगत बसता येत नाही.

मागच्या बुधवारी थोरला टेबलावर आला. आयटीआय झालं आहे, साखर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलंय, त्याच्या कागदांसाठी. त्याचं झाल्यावर वही स्वतःकडे ओढून त्याने घराचं पान काढलं आणि वरून खालपर्यंत वाचलं. खाली तीन नोंदी उघड्या आहेत. मावशींचा यंदाचा हयातीचा दाखला. डाव्या डोळ्याची तारीख. आणि आईच्या अन्न परवान्यापुढे मी दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं "थांबवले". त्याने भाऊसाहेबांना विचारलं, माझा पगार सुरू झाला तर आईचं निराधार तसंही जाणारच ना? भाऊसाहेब म्हणाले, हो, जाईल. पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने "थांबवले" हा शब्द एका रेघेने खोडला आणि संगणकावरच्या पोराला विचारलं की फोटो कुठला लागतो.